रिपोर्ट निगेटिव्ह आहे, पण मन मानत नाही

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

34 वर्षांचे एक विवाहित गृहस्थ लिहितात की, चौदा महिन्यांपूर्वी कामानिमित्त बाहेरगावी असताना एका अनोळखी स्त्रीशी त्यांचा एकदाच शरीरसंबंध आला. कंडोम वापरला होता आणि तो फाटला नव्हता, हे त्यांना तेव्हा पक्के ठाऊक होते. आता मात्र त्या आठवणीवरही त्यांचा विश्वास उरलेला नाही. सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने आणि एक वर्ष अशा टप्प्यांवर, निरनिराळ्या प्रयोगशाळांत, त्यांनी एचआयव्हीची चाचणी करून घेतली. प्रत्येक रिपोर्ट निगेटिव्ह आला. प्रत्येक वेळी चार-आठ दिवस बरे गेले आणि मग नवी शंका उभी राहिली: नमुन्यांची अदलाबदल झाली असेल, विषाणूचा प्रकार वेगळा असेल, किंवा आपले शरीर प्रतिपिंडेच (विषाणूशी लढणारी प्रथिने, अँटीबॉडीज) तयार करत नसेल. आता नाव बदलून, दुसऱ्या शहरात जाऊन आणखी एक चाचणी करायचे त्यांनी ठरवले आहे. रोज सकाळी ते आरशात जीभ पाहतात, मानेतल्या आणि जांघेतल्या गाठी चाचपतात, रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर लक्षणे शोधत बसतात. टॉवेल आणि नेलकटर त्यांनी वेगळे केले आहेत. तीन वर्षांच्या मुलीचा ते पापा घेत नाहीत आणि पत्नीला जवळ येऊ देत नाहीत. आपलेच काहीतरी चुकले आहे, अशी पत्नीची समजूत झाली आहे. "एचआयव्ही असेल तर त्यापेक्षा मरण बरे, पण हे असे अधांतरी जगण्यातही अर्थ वाटत नाही," असे ते म्हणतात. त्यांचे प्रश्न दोन आहेत. शंभर टक्के खात्री देणारी शेवटची चाचणी कोणती? आणि पत्नीला सांगावे का?

उत्तर:

प्रिय मित्र,

तुमचा पहिला प्रश्न आधी घेतो आणि त्याचे उत्तर एकदाच, सरळ देतो. खात्रीच्या जितके जवळ जाणे वैद्यकशास्त्राला शक्य आहे, तितके जवळ नेणारी चाचणी तुम्ही केव्हाच करून घेतली आहे. वर्षानंतरच्या चाचणीचे सोडा, तीन महिन्यांच्या टप्प्यावरची चाचणीही त्यासाठी पुरेशी होती. त्या प्रसंगातून तुम्हाला एचआयव्हीचा संसर्ग झालेला नाही.

इतके ठामपणे लिहिण्याचे कारणही सांगतो. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत केली जाणारी आजची संयुक्त चाचणी विषाणूचे पी-24 नावाचे प्रथिन आणि विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे, असे दोन्ही एकाच वेळी शोधते, आणि संसर्ग झालेला असल्यास तो सामान्यतः 18 ते 45 दिवसांत तिच्या नजरेत येतो. केवळ प्रतिपिंडे शोधणाऱ्या, किंवा बोटावर सुई टोचून काढलेल्या थेंबावर केल्या जाणाऱ्या चाचण्यांसाठी हा विंडो पिरियड, म्हणजे संसर्ग झाल्यापासून तो चाचणीत दिसू लागेपर्यंतचा काळ, 90 दिवसांपर्यंत धरला जातो. तुम्ही वाचलेला 'सहा महिने थांबा, वर्षभर थांबा' हा सल्ला जुन्या काळातला आहे. हा विषाणू 1983 मध्ये ओळखला गेला आणि त्याची पहिली रक्तचाचणी 1985 मध्ये वापरात आली. सुरुवातीच्या त्या चाचण्या आजच्याइतक्या संवेदनशील नव्हत्या, म्हणून तेव्हा मोठी मुदत सांगितली जात असे. चाचण्या सुधारल्या, पण जुनी वाक्ये अजून फिरतच आहेत. विषाणूच्या प्रकाराची शंकाही आजच्या चाचण्यांपुढे टिकत नाही, कारण एचआयव्ही-1 आणि एचआयव्ही-2 हे दोन्ही त्यांत तपासले जातात. संसर्ग होऊनही प्रतिपिंडे तयारच न होणे ही अत्यंत दुर्मीळ गोष्ट आहे. ती सहसा अशा रुग्णांत आढळते ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच पार ढासळलेली असते आणि ज्यांच्या रक्तात विषाणूचे प्रमाण प्रचंड असते. असा माणूस चौदा महिने रोज कामावर जात राहत नाही.

याच संदर्भात इतर वाचकांसाठी एक गोष्ट नोंदवतो. ज्यांच्या बाबतीत धोक्याचा प्रसंग नुकताच घडला आहे, त्यांनी हे सदर वाचत बसू नये; लवकरात लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत 72 तासांच्या आत, डॉक्टरांना गाठावे, कारण संसर्ग रोखण्यासाठी 28 दिवस घ्यायची औषधे त्या मुदतीतच सुरू करावी लागतात. ती औषधे घेतलेल्यांनी चाचणीची मुदत कधीपासून मोजायची, हेही डॉक्टरांनाच विचारावे. आणि ज्यांनी भीतीपोटी अजून एकही चाचणी केलेली नाही, त्यांनी ती करावी. पुढचा मजकूर त्यांच्यासाठी नाही. तो तुमच्यासाठी आणि तुमच्यासारख्या, वेळेवर चाचणी होऊनही सुटका न झालेल्या माणसांसाठी आहे.

वरचे दोन परिच्छेद वाचून तुम्हाला कदाचित हलके वाटले असेल. तो हलकेपणा आठवडाभरात ओसरेल, आणि तो ओसरला तर माझी माहिती अपुरी होती असे समजू नका. तुमच्या सगळ्या धडपडीच्या मुळाशी एक गृहीतक आहे: पुरेसा पुरावा मिळाला की मन आपोआप शांत होईल, आणि मन अजून शांत झालेले नाही त्या अर्थी पुरावा अपुरा आहे. यातला पहिला भाग बहुतेक लोकांच्या बाबतीत खरा असतो, म्हणून तो तपासून पाहावा असे कोणाला वाटत नाही. तुमच्या बाबतीत मात्र वर्षभराचा अनुभव त्याच्या विरुद्ध साक्ष देतो आहे. दुसऱ्या रिपोर्टने जे सांगितले तेच तिसऱ्याने सांगितले, तेच चौथ्याने. माहितीत भर पडली नाही, आणि शंका मात्र दर वेळी अधिक चतुर होत गेली. आधी ती 'चाचणी लवकर झाली का' असे विचारत होती, आता ती तुमच्या शरीराच्या प्रतिपिंडे बनवण्याच्या क्षमतेवर बोट ठेवते. पाचवी चाचणी केलीत तर शंका आणखी काही शोधून काढेल.

पॉल सॅल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉरविक या ब्रिटिश अभ्यासकांनी 1986 मध्ये हीच गोष्ट मांडली होती: आजाराच्या भीतीने ग्रासलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा दिलेला दिलासा तेवढ्यापुरती चिंता उतरवतो आणि पुढच्या वेळी दिलाशाची गरज वाढवून ठेवतो. खाजवल्याने खाज क्षणभर शमते आणि कातडी अधिक चिडते, तसे हे आहे. म्हणून तुम्ही ठरवलेली पुढची चाचणी, नाव बदलून आणि दुसऱ्या शहरात जाऊन करायची ती, तुम्ही करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तिचा निकाल काय येईल हे तुम्हालाही माहीत आहे. तिचा परिणाम किती दिवस टिकेल, हेही माहीत आहे.

कंडोमबद्दलची आठवण आता पुसट का वाटते, याचेही उत्तर इथेच सापडते. नेदरलँड्समधील मार्सेल व्हान डेन हाउट आणि मेरेल किंट यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी लोकांना संगणकाच्या पडद्यावरील गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा बंद करून तपासायला लावली. वारंवार तपासणाऱ्यांची आठवण इतरांपेक्षा चुकीची ठरली नाही, पण त्या आठवणीचा स्पष्टपणा आणि तिच्यावरचा त्यांचा स्वतःचा विश्वास लक्षणीय घटला. तुम्ही तो प्रसंग मनात शेकडो वेळा उलगडून पाहिला असणार. आठवण धूसर झाली ती अशी. तेव्हा काही वेगळे घडले होते आणि ते आता हळूहळू वर येत आहे, असा तिचा अर्थ लावण्याचे कारण नाही.

आता लक्षणांविषयी. एचआयव्हीच्या नव्या संसर्गात काही लोकांना 2 ते 4 आठवड्यांनी ताप, घसादुखी, पुरळ, गाठी सुजणे असा त्रास होतो आणि तो काही दिवसांत वा आठवड्यांत जातो. हीच लक्षणे साध्या विषाणुजन्य तापातही दिसतात, म्हणूनच लक्षणांवरून एचआयव्हीचे निदान कोणी करत नाही. ते चाचणीवरूनच होते. तुम्ही मात्र क्रम उलटा केला आहे. चाचणी नाही म्हणते, आणि तुम्ही जिभेवरच्या पांढुरक्या थराला तिच्यावर अपील करायला बसवता. निरोगी माणसाच्या मानेत आणि जांघेतही बोटाला लागतील अशा लहान गाठी असू शकतात, आणि रोज दाबून पाहिल्यास ती जागा दुखरी होते. रात्रीचा घाम, पातळ शौचास होणे, भूक मंदावून वजन उतरणे, छातीत धडधडणे हे सारे दीर्घकाळच्या चिंतेतही होते. तुम्हाला होणारा त्रास खोटा आहे असे मी म्हणत नाही. तो खरा आहे. त्याच्या कारणाविषयी तुमचा समज चुकीचा आहे.

मला तुमच्या पत्रात सर्वांत जास्त खटकली ती दुसरीच बाब. तुमच्या वयाच्या माणसाने ज्यांची खरोखर काळजी घ्यावी अशा रक्तदाबाचा, मधुमेहाचा त्यात शब्दानेही उल्लेख नाही. भीतीने नेमका तोच आजार निवडला आहे ज्याला समाजाने पापपुण्याचा शिक्का चिकटवला आहे. तुम्ही पत्नीशी प्रतारणा केली, त्याची टोचणी तुम्हाला आहे, आणि ती असणे स्वाभाविक आहे. परंतु त्या कृत्याला शिक्षा व्हायलाच हवी, आणि ती शरीरातूनच उगवायला हवी, असे तुमच्या मनाच्या एका कोपऱ्याने ठरवून टाकलेले दिसते. मग दर वेळी येणारा निगेटिव्ह रिपोर्ट त्याला सुटका वाटण्याऐवजी चुकलेला निकाल वाटतो. विषाणूला आपण कोण आहोत, काय केले, याच्याशी देणेघेणे नसते. तो एकनिष्ठ जोडीदाराकडून एकनिष्ठ जोडीदाराला होतो, जन्मताना बाळाला होतो, आणि तुमच्यासारख्या असंख्य लोकांना होत नाही. अपराधभावाचा प्रश्न खरा आहे, पण त्याचे उत्तर रक्ताच्या नळीत शोधले जात आहे तोवर ते सापडायचे नाही.

'एचआयव्ही असेल तर मरण बरे' हे वाक्यही मी तसेच सोडणार नाही, कारण हे सदर एचआयव्हीसह जगणारी माणसेही वाचतात. 1996 च्या सुमारास अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत रुजली आणि या आजाराचे चित्रच बदलले. आज वेळेवर निदान होऊन नियमित औषधे घेणारी व्यक्ती इतरांच्या जवळपास तितके आयुष्य जगू शकते, आणि तिच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीत न सापडण्याइतके खाली राहिले, तर लैंगिक संबंधातून तिच्याकडून जोडीदाराला संसर्ग होत नाही. ही माहिती तुम्हाला धीर देण्यासाठी लिहिलेली नाही, कारण तुम्हाला हा आजारच नाही. तुमच्या मनातला एचआयव्ही तीसेक वर्षांपूर्वीचा आहे आणि तुमची भीती त्या जुन्या चित्रावर पोसली जाते, एवढेच दाखवायचे आहे.

त्याच वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे मात्र मी अधिक गांभीर्याने पाहतो. जगण्यात अर्थ नाही असे वाटणे जर जीव देण्याच्या विचारापर्यंत कधीही पोहोचत असेल, तर पुढचे काहीही करण्याआधी, त्याच दिवशी, जवळच्या रुग्णालयात जा किंवा घरातल्या एका माणसाला ते स्पष्ट शब्दांत सांगा. तेव्हा एकटे राहू नका.

तुमच्या अवस्थेला वैद्यकशास्त्रात नाव आहे आणि उपचारही आहेत. आजाराची सततची धास्ती आणि मंत्रचळ (ओसीडी, म्हणजे नको असलेले विचार आणि त्यांपायी तीच कृती पुन्हा पुन्हा करण्याची सक्ती) या दोन विकारांच्या सीमेवर तुमचे वर्णन बसते; नेमके निदान मानसोपचारतज्ज्ञच करतील. मंत्रचळावरील ज्या उपचाराला सर्वाधिक आधार आहे तो मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी 1966 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामातून पुढे आला. त्यात भीती जागवणाऱ्या गोष्टीला ठरवून सामोरे जायचे असते आणि त्यानंतर हात जे करू पाहतात, म्हणजे तपासणे, धुणे, विचारणे, ते करायचे नसते. ब्रिटनमध्ये पीटर टायरर आणि सहकाऱ्यांनी शारीरिक आजारांच्या बाह्यरुग्ण विभागांत येणाऱ्या, आरोग्याच्या चिंतेने त्रस्त अशा 444 रुग्णांवर केलेल्या अभ्यासात बोधात्मक वर्तनोपचाराच्या (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या, बोलण्यातून होणाऱ्या उपचाराच्या) थोड्याच सत्रांचा फायदा दोन वर्षांनंतरही टिकलेला आढळला. गरज वाटल्यास डॉक्टर औषधेही देतात. मंत्रचळात त्यांचा पूर्ण परिणाम दिसायला 8 ते 12 आठवडे लागू शकतात, म्हणून पंधरा दिवसांत 'गुण नाही' म्हणून ती सोडू नयेत.

उपचार सुरू होईपर्यंत घरी काय करता येईल, हेही सांगतो. चाचण्या पूर्ण बंद, त्यात तडजोड नको. नवा, खराखुरा धोक्याचा प्रसंग घडला तरच तो विषय पुन्हा उघडायचा, आणि तोही तुम्ही ठरवून नव्हे, एकाच ठरलेल्या डॉक्टरांना विचारून. जीभ आणि गाठी तपासणे एकदम सुटणार नाही, तेव्हा ते पुढे ढकला. ऊर्मी आली की घड्याळ पाहून अर्धा तास थांबा, आणि त्या अर्ध्या तासात चिंता काय करते याकडे लक्ष द्या. ती आधी चढेल. पहिले काही दिवस आताच्यापेक्षा वाईट वाटेल, हे आधीच सांगून ठेवतो, कारण बरेच जण तिथेच हार मानतात. पण न तपासताही ती उतरते, हा अनुभव तुम्हाला स्वतःच्या शरीराने घ्यायचा आहे. तो माझ्या लिहिण्याने मिळणार नाही. हळूहळू अर्ध्या तासाचा एक तास करा, मग दिवसातून एकदाच, मग एक दिवसाआड. 'पण समजा...' असे मन म्हणू लागले की त्याच्याशी वाद घालू नका, त्याला पुरावे देऊ नका. 'असेलही किंवा नसेलही, मी आज तपासणार नाही' एवढे म्हणा आणि हातातले काम पुढे न्या. हे वाक्य तुम्हाला सुरुवातीला भयंकर वाटेल, कारण त्यात खात्री मुद्दामच दिलेली नाही. रस्ता ओलांडताना, परक्याच्या हातचे जेवताना, गाडी चालवताना तुम्ही तितक्याच अनिश्चिततेत रोज निर्धास्त वावरता. ते कौशल्य तुमच्यात आहे, फक्त या एका विषयात तुम्ही ते वापरायचे थांबवले आहे. मोबाईलवरचा शोध मात्र ढकलत बसू नका, तो बंदच करा, आणि रात्री मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा.

मुलीचा पापा आजच घ्या. टॉवेल, ताटवाटी, मिठी, लाळ, घाम यांतून एचआयव्ही पसरत नाही, अगदी तो असलेल्या व्यक्तीकडूनही नाही. 'आधी खात्री होऊ दे, मग घेईन' असे म्हणत राहिलात तर मूल मोठे होऊन जाईल.

पत्नीला सांगावे का, या प्रश्नावर मी तुमच्या वतीने निर्णय देणार नाही, पण तो आज घेऊ नका असे जरूर म्हणेन. कबुली देण्याची एक ऊर्मी अशी असते जिचा हेतू समोरच्या माणसाशी खरे वागणे हा नसतो. मनावरचे ओझे तत्काळ उतरावे आणि त्याने 'तुला काही झालेले नाही' असे म्हणावे, एवढेच तिला हवे असते. तुमच्या सध्याच्या अवस्थेत केलेली कबुली बहुधा तशीच होईल. पत्नीला मोठा धक्का बसेल, आणि त्याच क्षणी तिच्याकडून दिलाशाची अपेक्षाही केली जाईल. तिच्यावर हा दुहेरी भार टाकणे मला योग्य वाटत नाही. तिच्या आरोग्यासाठी एचआयव्हीच्या कारणाने आत्ताच सांगणे अनिवार्य आहे, अशीही स्थिती नाही. (कंडोम व्यवस्थित होता का याची शंका असल्यास इतर लैंगिक आजारांविषयी डॉक्टरांशी एकदा बोला, तपासणी लागेल की नाही ते त्यांना ठरवू द्या आणि त्यांनी ठरवलेले तिथेच संपवा.) भीतीचा जोर ओसरला की हा प्रश्न त्याच्या खऱ्या रूपात, म्हणजे दोन माणसांमधल्या विश्वासाचा प्रश्न म्हणून, तुमच्यासमोर येईल. तेव्हा समुपदेशकाच्या मदतीने त्याला सामोरे जा, आणि सांगायचे ठरवलेत तर तिला रागावण्याचा पूर्ण हक्क आहे हे गृहीत धरून सांगा.

एक गोष्ट मात्र तिला आजच सांगता येईल, आणि सांगायला हवी. गेले वर्षभर तुम्ही दूर राहिलात त्यात तिचा काहीही दोष नाही, तुम्हाला आजाराच्या भीतीचा तीव्र मानसिक त्रास होतो आहे आणि तुम्ही त्यावर उपचार घेणार आहात. हे अर्धेच सत्य आहे, हे मला कळते. तरीही ते खोटे नाही, आणि स्वतःला दोष देत बसलेल्या त्या बाईला आज त्याची गरज आहे. ती तुम्हाला मदत करू इच्छील तेव्हा तिला एकच विनंती करा: 'मी तब्येतीबद्दल पुन्हा पुन्हा विचारू लागलो तर उत्तर देऊ नकोस, विषय बदल.'

मानसोपचारतज्ज्ञांकडे पहिल्यांदा जाल तेव्हा सगळे रिपोर्ट टेबलावर मांडून ते पुन्हा वाचून घेऊ नका; तुमचा हात तिकडेच जाईल. त्याऐवजी एका कागदावर लिहून न्या की रोज किती वेळ तपासण्यात आणि शोधण्यात जातो, झोप किती लागते, घरात तुम्ही काय काय टाळता, आणि मरणाचे विचार येतात का, येत असतील तर कधी. बोलायला संकोच वाटला, तर तो कागद तसाच त्यांच्या हातात द्या.